बाबांच्या धमनीची जाळी

३ मार्च

धाकटे,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात येईलच, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस आणि ऑफिसच्या मेलवर घरचं लिहिलं की अर्धं ऑफिस वाचतं, म्हणून कागद. माझं अक्षर तुला लागतं. नाही लागलं तर लावून घे.

आज हृदयाच्या डॉक्टरांनी बाबांना तुमच्या संस्थेचा रिपोर्ट वाचून दाखवला. मी शेजारच्या खुर्चीवर होते. ती खुर्ची चिकट होती, आणि समोर भिंतीवर हृदयाचं मिठाईसारखं गुलाबी चित्र होतं. डॉक्टर म्हणाले, "डाव्या धमनीत अडथळा आहे. अडथळ्याच्या पुढचा दाब भागिले अलीकडचा दाब, उत्तर आलंय पॉइंट शहात्तर. ऐंशीच्या खाली गेलं की आम्ही थांबत नाही. मनगटातून तार घालायची, स्टेंट बसवायचा, तिसऱ्या दिवशी घरी. सव्वीस तारीख देतो." बाबांनी विचारलं, "हा आकडा काढला कोणी?" डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि खालच्या सहीवरचं तुझं नाव वाचलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. बाबांनी चष्मा काढून खिशात घातला आणि मग घरी येईपर्यंत तो शोधत होते.

स्कॅनवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, म्हणजे तो कोणाचा हे तुलाही माहीत नसणार. आता कळलं. घे.

तुझा आकडा मला मान्य नाही. का नाही ते एकदाच माझ्या भाषेत मांडते, म्हणजे ते बाहेरून कसं ऐकू येतं ते तुला कळेल. तुझा प्रोग्रॅम येण्याआधी आम्ही ऑफिसच्या जाळीखान्यात काय करायचो? स्कॅनमधून धमनीचा आकार निघायचा, खडबडीत, फाटका, भोकं पडलेला. तो आधी स्वच्छ करायचा. मग त्याच्या आतल्या अंगाला लागून, वळेल तसं वळत, एकेक घर बसवत जाळी विणायची. भिंतीजवळ घरं बारीक, मध्ये जरा मोठी. त्या जाळीवर रक्ताचं गणित सोडवायचं. एका धमनीला चार दिवस लागायचे आणि चार दिवसांनी तिच्याकडे बघून बरं वाटायचं.

आणि तू? तुझ्याकडे सगळ्या जगाला एकच जाळी, चौकोनी ठोकळ्यांची. त्यात तो खडबडीत आकार न पुसता, न धुता, आहे तसा बुडवायचा. धमनीची भिंत ठोकळ्यांना वाटेल तशी कापत जाते. कापलेल्या तुकड्यांचा गणिताला त्रास होतो, म्हणून ते सोडून द्यायचे आणि उरलेल्या ठोकळ्यांच्या कडेलाच भिंत म्हणायचं. पायऱ्यापायऱ्यांची भिंत. खरी भिंत तिथे नाहीच. मग खऱ्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि तेवढी दुरुस्ती गणितात टाकायची. म्हणजे आधी चूक करायची, मग ती किती केली ते मोजायचं, आणि मोजली म्हणून परिषदांमध्ये फुशारकी मारायची. मला याची किळस येते. पहिल्या दिवसापासून येते.

काका त्याच हॉस्पिटलात, त्याच तारेपायी गेले. बाबा बाहेर बाकावर बसले होते. ते विसरलेले नाहीत, आणि तुझ्या ठोकळ्यांसाठी मी त्यांना पुन्हा तिथे नेणार नाही. स्कॅनची सीडी मी मागून घेतली आहे. मी माझी जाळी करणार.

ताई

१२ मार्च

धाकटे,

झाली.

ऑफिसात केली, दोन शनिवार आणि मधले सगळे जेवणाचे तास. तू त्या संस्थेत निघून गेलीस, तेव्हा आमच्या जाळीखान्यात आता स्टेशनरीची कपाटं आहेत हे तुला कोणी सांगितलं नसेल. नऊ टेबलं होती तिथे आता कागदाची रिमं आणि एक बिघडलेला पंखा आहे. खिडकीखाली माझं एक मशीन तेवढं ठेवलंय. साहेबांनी माझ्या दारावर ‘गुणवत्ता तपासनीस’ अशी पाटी लावली आहे. मी काय तपासते? तुझ्या प्रोग्रॅममधून निघालेली रंगीत चित्रं. लाल, पिवळा, निळा. लग्नातल्या मंडपासारखी. त्यावर सही करायची आणि पुढे ढकलायची. साहेब परवा मला म्हणाले, "बाई, बघा, आता माणसाचा हात कुठेच लागत नाही." हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. स्वतः चहा पिऊन कप तसाच बेसिनमध्ये टाकणारा माणूस. तिथे माणसाचा हात लागतो, माझा.

तर ऐक. तुला जे पुसायचा कंटाळा येतो ते मी पुसलं. बाबांची धमनी स्कॅनमधून आली ती बघवत नव्हती. तीन भोकं, एक उगाच बाहेर आलेला काटा, आणि सगळ्या अंगावर पुटकुळ्या. भोकं बुजवली, काटा छाटला. आणि स्कॅनच्या एकोणिसाव्या आडव्या कापाशी एक खाच होती, एका बाजूने जवळजवळ दीड मिलिमीटर आत घुसलेली. स्कॅन चालू असताना हृदय हललं की दोन कापांच्या मध्ये अशी पायरी पडते, हे तुला मी सांगायला नको. तीच ती. घासली. सगळं नीट तपासूनच घासली.

मग जाळी. भिंतीलगत सात थर, केसाहून बारीक. वळणावर एकही घर तिरकं झालेलं नाही. माझ्या मनगटाला पट्टा आहे आणि चष्म्याचा नंबर दोनदा वाढलाय, तरी हात अजून तोच आहे. काम संपल्यावर मी ती धमनी पडद्यावर सगळीकडून फिरवून बघत बसले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांनी काहीतरी स्वच्छ बघितलं.

गणित लावलं. उत्तर पॉइंट सत्त्याऐंशी.

सत्त्याऐंशी. औषधगोळ्यांवर भागतं. तार नको, टेबल नको. तुझी अकरा शतांशांची चूक आहे आणि त्या चुकीवर तू माझ्या बापाच्या मनगटात भोक पाडायला निघाली होतीस.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा फक्त चित्र दाखवलं. ते म्हणाले, "ही माझी आहे? एवढी नितळ?" एवढंच झालं.

ते ठणठणीत आहेत. जिन्यात एकदा थांबतात, पण दोन मजले चढताना मीही थांबते.

ताई

२१ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी. सहा वर्षांत पहिल्यांदा लिहिलंस आणि तीन ओळी लिहिल्यास. ‘बाबांचं आहे हे तुझ्या पत्रावरून कळलं. पुन्हा काढलं, निम्म्या आकाराच्या ठोकळ्यांवर, आकडा तोच. एकोणिसाव्या कापाची खाच का घासलीस? बाबा माझा फोन घेत नाहीत, त्यांना सव्वीसला ने.’

का घासलीस म्हणे.

तुला आठवतं का, तू पहिल्यांदा जाळीखान्यात आलीस तेव्हा तुला कॉम्प्युटरचा उंदीर धरता येत नव्हता? माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायचीस. खरी पायरी कशी ओळखायची, खोटी कशी ओळखायची, हे तुला कोणी शिकवलं? आणि आता तू मला एका ओळीत परीक्षेला बसवतेस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कार्ड फाडणार होते, पण बाबा समोर होते.

सांगते ना, तपासली होती. खोटी पायरी होती. संपलं.

तुझे फोन येतात ते मला माहीत आहे. रविवारी तीन आले. बाबा पडद्यावरचं नाव बघतात, फोन उशीखाली सरकवतात आणि तो थांबेपर्यंत उशीवर हात ठेवून बसतात. मी त्यांना उचला किंवा उचलू नका, काहीच म्हणत नाही. जी मुलगी बहिणीच्या पाठीमागून साहेबांकडे जाते आणि नऊ जणांच्या पोटावर पाय देते, तिच्याशी काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

आणि सव्वीस तारखेचं म्हणशील तर हॉस्पिटलनेच ती पुढे ढकलली आहे. यंत्राचं काहीतरी आहे. नवी तारीख ते कळवणार आहेत.

माझं चित्र बाबांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. खालचा शिंपी वर आला होता, त्याला दार उघडून दाखवलं. "माझ्या मोठीने हाताने केलंय." शिंप्याने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, "शिवण कुठे दिसत नाही." इतकं चांगलं मला आजवर कोणी म्हणालेलं नाही, तुझ्या परिषदेतल्या कोटवाल्यांपैकी तर कोणीच नाही.

ताई

५ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिल्या दोनांत मी हवापाण्याचं लिहीत होते, तेव्हा फाडली.

तारीख हॉस्पिटलने ढकलली नव्हती. यंत्र धडधाकट आहे. वीस मार्चला मी बाबांना घेऊन गेले आणि त्यांनी ‘मला उपचार नको, परिणामांची कल्पना दिली आहे’ अशा कागदावर सही केली. कुठे करायची तिथे बोट मी ठेवलं होतं. एकवीसला तुला पत्र लिहिलं तेव्हा तो कागद माझ्या पर्समध्येच होता.

डॉक्टरांनी खूप समजावलं. मी माझं चित्र काढून टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "हेच. सव्वीस वर्षं." त्यांनी चित्र हातात घेतलं, खिडकीकडे धरलं, म्हणाले, "सुंदर आहे. पण मला यातलं कळत नाही, आणि तुमच्या वडिलांना जिन्यात दम लागतोय एवढं मला कळतं." मला यातलं फक्त ‘सुंदर आहे’ ऐकू आलं. घरी येताना मी खूश होते. बाप शेजारी बसमध्ये छाती चोळत होता आणि मी खूश होते. आता आठवलं की स्वतःची शिसारी येते.

काल बाबा पहिल्या मजल्यावरच खाली बसले. पायरीवर. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, ओठ पांढरे. मला म्हणाले, "पाचच मिनिटं. गाडी लेट आहे म्हणून समज." आयुष्यभर बसडेपोत टाइमकीपर होते, एक गाडी तीन मिनिटं उशिरा आली तरी जाब विचारायचे. गोळी जिभेखाली ठेवली, बरं वाटलं. शिंप्याने आणि मी धरून वर आणलं.

आज सकाळी मी ऑफिसला गेले. तुला खोटं पाडायलाच गेले, हेही सांगून टाकते. म्हटलं, ती खाच खोटी आहे हे पुराव्याने दाखवायचं, छापायचं आणि तुला पाठवायचं. पुरावा कसा काढायचा हे मीच नऊ जणांना शिकवलंय. हृदय हललं तर त्या कापातलं सगळंच हलतं. एकच धमनी हलत नाही. तेव्हा त्याच कापातली दुसरी धमनी उघडायची. तिलाही तेवढीच पायरी असली तर पायरी खोटी, पुसून टाक. तिला नसली तर हात लावू नकोस, ते दुखणं आहे.

उजवी धमनी उघडली. एकोणिसावा काप. सरळ, स्वच्छ, पायरीचा मागमूस नाही.

मी पडदा बंद केला, चालू केला, पुन्हा बघितलं. अठरावा, विसावा, एकोणिसावा. मग कच्ची आकृती घेतली, खाच होती तशी ठेवली आणि तेवढ्यापुरती माझीच जाळी पुन्हा विणली. या खेपेला घाईघाईने, ओबडधोबड. पॉइंट पंचाहत्तर. तुझ्यापेक्षा एकाने खालीच.

आता तू विचारशील की मार्चमध्ये मी काय तपासलं होतं. काही नाही. तुला दोनदा लिहिलं ‘तपासलं’, आणि दोन्ही वेळा ते खोटं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. उजवी धमनी उघडायची होती, बस. मी उघडली नाही. ती खाच मी पडद्यावर बघितली आणि माझ्या मनात आलं, ही घाण त्या पोरीने तशीच बुडवली असणार. घाण दिसली की माझा हात पुसायला जातो. सव्वीस वर्षं जातो, मी त्याला थांबवलं नाही. तुझ्या प्रोग्रॅमला स्वच्छतेची आवड नाही म्हणून त्याने बाबांचं दुखणं होतं तसं ठेवलं. मी दोन शनिवार खपून ते पुसलं आणि वर रडले, किती सुंदर म्हणून.

मी शेण खाल्लं, धाकटे. दुसरा शब्द नाही.

उद्या बाबांना सांगते. डॉक्टरांना आत्ताच फोन केला. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तेरा तारखेची सकाळ धरून ठेवतो, पण सही वडिलांचीच लागेल, आणि मनातून लागेल.

ताई

९ एप्रिल

धाकटे,

हे पत्र बाबा समोर बसून लिहून घेतायत, असं धर. लिहून झालं की ते वाचणार आहेत आणि मगच पाकीट बंद होणार आहे. डेपोत ज्याची चूक त्याने ती लेखी द्यायची असायची, तारीख टाकून. ‘तोंडी चूक कोणीही कबूल करतं,’ असं त्यांचं म्हणणं.

सहा तारखेला मी त्यांना सगळं सांगितलं. खाच, उजवी धमनी, पंचाहत्तर. ते ऐकत होते, मध्येच उठून त्यांनी कपाट उघडलं आणि चित्राकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला धाकटीने काही लिहिलं का?"

मी म्हटलं, "बाबा, हे मीच शोधून काढलंय."

"कार्ड आलं होतं तिचं. मी बघितलंय. तिने दबाव आणला तुझ्यावर."

"नाही हो."

"तू तिला दबतेस. तेव्हाही दबलीस. तुझी खोली गेली, माणसं गेली, तू मूग गिळून बसलीस. आता आकडासुद्धा तिच्यासारखा काढून दाखवतेस." असं म्हणून त्यांनी कपाट लावलं आणि किल्ली खिशात घातली. "मला या चित्रावर विश्वास आहे. मी कुठेही जाणार नाही."

तीन दिवस मी डोकं आपटलं. डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, कच्ची आकृती दाखवली, चांगली दाखवली, कापांचे कागद मांडले. ते माझ्याकडे दयेने बघायचे. मी त्यांच्या दृष्टीने धाकट्या बहिणीने छळलेली बाई आहे ना. ती कहाणी त्यांच्या डोक्यात कोणी भरली? मीच. आणि ती तिथे असेपर्यंत ते तेरा तारखेला जाणार नव्हते.

म्हणून आज सकाळी दुसरं सांगितलं. तुझ्यासाठी ते इथे पुन्हा लिहिते. तुला ते माहीतच आहे, पण लेखी द्यायचं आहे.

तू माझ्या पाठीमागून गेली नव्हतीस. तू आधी माझ्याकडे आलीस. तीन सोमवार लागोपाठ आलीस, तीच फाइल घेऊन. म्हणालीस, "ताई, दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. तुझी जाळी खरी धरू आणि माझी किती चुकते ते मोजू. तुझ्याशिवाय मला कळणार नाही कुठे चुकते ते." पहिल्या पानावर तू माझं नाव आधी टाकलं होतंस, तुझं खाली. मी नऊ जणांच्या देखत म्हटलं, "ही घाण माझ्या टेबलावर ठेवू नकोस." तिसऱ्या सोमवारी तुझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला बरं वाटलं. नंतर साहेबांनी मला विचारलं, बघण्यासारखं आहे का? मी नाही म्हटलं. न उघडताच नाही म्हटलं. मग त्यांनी तुला बोलावून स्वतः बघितलं. त्यांनी खोली बंद केली त्या दिवशी तू साहेबांशी माझ्यासमोर भांडलीस, निदान दोन वर्षं दोन्ही पद्धती चालू ठेवा म्हणून. मी तोंडातून ब्र काढला नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, "तिने माझ्या पाठीत सुरा खुपसला." एवढंच वाक्य. त्या वाक्यापायी ते तुझ्या लग्नाला आले नाहीत. मीही आले नाही. तू दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्यास हे मला नंतर कोणीतरी सांगितलं, आणि तेव्हासुद्धा मी नाक मुरडलं.

हे ऐकताना बाबा खिडकीशी उभे होते. मग स्वतःचा कप घेऊन बेसिनकडे गेले, विसळला, पालथा घातला. मला पाठमोरेच म्हणाले,

"म्हणजे लग्नाला जायला हवं होतं."

मी हो म्हटलं.

"तिने पत्रिका दोनदा पाठवली होती."

"हो."

"दुसरी मी उघडली नाही." ते येऊन पलंगावर बसले. "आणि तो काप? एकोणिसावा? तो खरा आहे?"

"खरा आहे."

"हे तू सांगतेस."

मी कापांचे कागद पुढे केले, त्यांनी ते घेतले नाहीत.

त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि चित्र सोडवलं. फाडलं नाही. घडी घालून माझ्या हातात दिलं, माझ्याकडे न बघता. म्हणाले, "धाकटीला विचारतो. ती जा म्हणाली तर जाईन. पण आधी तिला हे सगळं लेखी जाऊ दे. तिने वाचल्याशिवाय मी कोणत्या तोंडाने फोन करू?"

तेव्हा हे ते. कुरिअरवाला म्हणतो अकरा तारखेला सकाळी तुझ्या हातात पडेल. अकरालाच, दुपारी बारा वाजता बाबा फोन करतील. बारा म्हणजे बारा, तुला माहीत आहे. त्यांना आकडे सांगत बसू नकोस, ठोकळेही नकोत. आधी त्यांना बोलू दे. त्यांना तुझी माफी मागायची आहे आणि ती त्यांना येत नाही, सकाळपासून पुटपुटतायत. मध्ये थांबले तर थांबू दे, दम लागतो. मग ‘जा’ म्हण. रागावली असलीस माझ्यावर तर आयुष्यभर रागाव, पण त्यांना ‘जा’ म्हण. तेराला सकाळी सात वाजता पोचायचं आहे, डॉक्टरांनी जागा ठेवलेली आहे.

(बाबांनी वाचलं. मी वर एका जागी ‘यात बाबांचा काही दोष नाही’ असं लिहिलं होतं. त्यांनी ते वाक्य खोडायला लावलं. बाकी बरोबर आहे म्हणाले.)

फोनच्या वेळी मी बरोबर बसू का, असं विचारलं. वाटलं, मध्येच दुखायला लागलं तर गोळी द्यायला कोणी हवं. म्हणाले, "शिंप्याला बसवतो. तू खाली जा." मी म्हटलं, "बाबा, मी एक शब्द बोलणार नाही."

"बोलायला लागत नाही गं," ते म्हणाले. "तू नुसती शेजारी असलीस तरी मी तुझंच ऐकतो."

ताई